अश्विनच्या जागी वॉशिंग्टन की कुलदीप?

डिसेंबर २०२४मध्ये भारताचा फिरकीपटू अश्विन ५३७ कसोटी बळींवर थांबला. गोव्यात पर्वरीला रणजी सामना बघतानाही वाद रंगतो तो त्याच्या जागेवरून.

वॉशिंग्टन सुंदर ऑफस्पिनर. बोटांनी चेंडू वळवतो, म्हणून टप्पा सहसा चुकत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये पुण्यात न्यूझीलंडचे ११ बळी घेतले, २०२५मध्ये मँचेस्टरला नाबाद १०१ केल्या. पण खेळपट्टी कोरडी नसली की चेंडू सरळ जातो.

कुलदीप यादव डावखुरा, मनगटाने वळवणारा. पाटा, म्हणजे गोलंदाजाला साथ न देणाऱ्या खेळपट्टीवरही त्याचा चेंडू हवेत बुडतो, गुगली (उलट्या दिशेने वळणारा चेंडू) पटकन ओळखू येत नाही. धोका एकच: चेंडू हातातून उशिरा सुटला की आखूड पडतो, आणि चौकार! तरी बळी हवे असतील तर कुलदीपच. आठव्या क्रमांकावर वॉशिंग्टन करेल त्या धावांसाठी कुलदीपला बाहेर बसवणं आम्हाला मुळीच पटत नाही.