पडद्यावरची सेथ, रंगमंचावरची मार्गारेट

जानेवारी 1856. गोठलेली ओहायो नदी ओलांडून अमेरिकेतल्या केंटकीतली गुलाम मार्गारेट गार्नर सिनसिनाटीत पोहोचली, पण पकडणारे मागोमाग आलेच. मुलगी पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून तिने स्वतःच्या हाताने तिचा गळा चिरला. या घटनेतून टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ कादंबरी (1987) उभी राहिली. 1998 मध्ये जोनाथन डेमी यांनी तिच्यावर सिनेमा केला. 2005 साली डेट्रॉइटमध्ये ‘मार्गारेट गार्नर’ हा ऑपेरा झाला. संगीत रिचर्ड डॅनियलपूर यांचं, संहिता खुद्द मॉरिसन यांची.

सिनेमाची ताकद जवळून बघण्यात. मार्गारेटवर बेतलेली कादंबरीची नायिका सेथ, तिच्या पाठीवरचे झाडासारखे पसरलेले वळ कॅमेरा दाखवतो, तेव्हा संवादाची गरजच उरत नाही. पण मेलेली मुलगी देह धरून परत येते, तिथे गाडी अडते. वाचताना ती भूत की आठवण, हे आपण ठरवत नाही. पडद्यावर नटी दिसते आणि प्रश्नच संपतो. सेथच्या भूमिकेत ओप्रा विन्फ्रीसारखी टीव्हीवरची बडी तारका असूनही सिनेमा तिकीटबारीवर आपटला.

ऑपेराने भूतच वगळलं. गोऱ्यांचा आणि काळ्यांचा असे दोन वेगळे कोरस समोर उभे केले, सुरुवातच गुलामांच्या लिलावाने केली. खटल्यात तर मालक तिच्यावर खुनाचा नव्हे, मालमत्तेची नासधूस केल्याचा आरोप लावतो. इतका थंड हिशेब भरल्या प्रेक्षागृहात ऐकणं अंगावर येतं. शेवट मात्र इतिहासाला सोडून: खरी मार्गारेट फासावर गेली नाही, 1858 मध्ये गुलामीतच टायफॉइडने गेली. तो साधा, विनानाट्याचा मृत्यू मला जास्त भीषण वाटतो. तरी निवडायचं तर ऑपेराच.