खान अकॅडमी किड्स : पाच प्राणी, पाच वाटाडे

मुलांसाठी काढलेले पात्र चांगले साधले आहे की नाही, हे पाहण्याची चित्रकारांची एक जुनी कसोटी आहे. आतले सगळे रंग आणि बारकावे काढून आकृती काळ्याने भरली, तरी ते पात्र कोण आहे हे कळले पाहिजे. ‘खान अकॅडमी किड्स’ या लहान मुलांच्या शैक्षणिक ॲपमधील अस्वल कोडी, हत्ती ओलो, लाल पांडा रेया, हमिंगबर्ड पेक आणि डिंगो (ऑस्ट्रेलियातला रानकुत्रा) सँडी हे पाचही जण या कसोटीला उतरतात, कारण सोंड, चोच, झुपकेदार शेपूट, उभे कान अशी प्रत्येकाची खूण निराळी आहे आणि हत्तीशेजारी इवलासा पक्षी ठेवल्याने आकारांतला फरकही ठळक राहतो.

हा केवळ देखणेपणाचा प्रश्न नाही. ॲप २ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि त्यांतल्या धाकट्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी चित्र हीच पाटी असते. अक्षरांचे ध्वनी ओलोकडे, गोष्टी रेयाकडे, अंक आणि मोजणी पेककडे, आकार, वर्गवारी आणि स्मरणाचे खेळ सँडीकडे अशी वाटणी केल्यामुळे मूल शब्द न वाचताही आपल्याला हवा तो विषय शोधू शकते. पात्ररचनेने अभ्यासक्रमाची मांडणी इतकी चोख पेललेली मी क्वचितच पाहिली आहे.

२००८ पासून मुलांची ॲप्स बनवणारा ‘डक डक मूस’ हा चमू २०१६ मध्ये ‘खान अकॅडमी’ या ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या ना-नफा संस्थेत सामील झाला आणि त्यानेच २०१८ मध्ये हे ॲप आणले. ते विनामूल्य आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि वर्गणीही नाही. याचा पात्रांच्या स्वभावावर थेट परिणाम झाला आहे, असे मला वाटते. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्येच लहान मुलांची १३५ ॲप्स तपासली, तेव्हा त्यांतील ९५ टक्के ॲप्समध्ये कोणत्या ना कोणत्या रूपात जाहिरात आढळली आणि एका ठिकाणी तर मुलाने खरेदी केली नाही म्हणून पात्र रडू लागत असे. इथे कोडीला काहीही विकायचे नसल्याने त्याचे हावभाव केवळ मुलाच्या प्रयत्नाशी जोडलेले राहतात, आणि उत्तर चुकले तरी पुन्हा करून पाहण्याचेच प्रोत्साहन मिळते.

त्रुटी आहेत. कोडी सूत्रधार असल्याने इतर चौघांचे स्वभाव त्यामानाने पुसट राहतात. शिवाय हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतो, त्यामुळे आपल्याकडच्या मुलाला पेक म्हणजे बागेतला शिंजीरच वाटण्याची शक्यता आहे. दोन्ही पक्षी फुलांतला मध पितात, पण शिंजीर बहुधा फांदीवर बसून पितो आणि हमिंगबर्ड हवेत तरंगत, हे पालकांनी जरूर दाखवावे. रेयाची जात मात्र आपल्या जवळची आहे, कारण लाल पांडा हा सिक्कीमचा राज्यप्राणी आहे.

ओलोचे अक्षरध्वनी इंग्रजीचे असल्याने मराठी माध्यमातल्या लहान मुलांनी सुरुवात सँडी आणि पेक यांच्या खेळांपासून करावी, आणि शक्य असल्यास फोनऐवजी टॅबवर, म्हणजे छोटा पेकही नीट दिसेल.