‘मिरर्स २’ : आरशातलं भूत पुन्हा कामावर

नवी पेठेत माझं सलून आहे. दिवसभर आरशात बघूनच हात चालतो, त्यामुळे ‘मिरर्स २’ (२०१०) मी जरा बारकाईने पाहिला. थिएटरला न लागता थेट डीव्हीडीवर आलेला सिनेमा. पहिला भाग २००८ चा, किफर सदरलँडचा. तोही कोरियन सिनेमावर बेतलेला. इथे दिग्दर्शक व्हिक्टर गार्सिया आणि हिरो निक स्टाल. अपघातात होणारी बायको गमावलेला मॅक्स वडिलांच्या दुकानात रात्रीचा वॉचमन होतो आणि आरशात त्याला एक मेलेली पोरगी दिसायला लागते.

खरी भीती प्रतिबिंबात आहे. आरशातला माणूस काच चावतो आणि तोंड फाटतं ते इकडच्याचं! सुरुवातीचा तो सीन मी दात आवळून बघितला. दोन्ही कल्ले सारखे झालेत का, हे मी आरशालाच विचारतो. त्या भरवशालाच सिनेमा हात घालतो.

पैसा कमी पडलाय ते जाणवतं. पहिल्या भागातलं जळकं दुकान अंगावर यायचं, इथलं चकाचक दुकान तसं येत नाही. मधला तपास लई ताणलाय. पण बाथरूमचा सीन जबरदस्त जमलाय. लहान पोरांना अजिबात दाखवू नका. सोलापूरच्या उन्हात, भर दुपारी गिऱ्हाईक नसताना बघितला तरी काटा आला. पहिला भाग पाहिला नसेल तरी चालतंय, गोष्ट वेगळी आहे.