जीभ पोळते की झोंबते? पाइपसाठी व्हर्जिनिया घ्यावा की बर्ली

नव्याने पाइप ओढू लागलेल्या माणसाची तक्रार ठरलेली असते: चवीचं राहू दे, जीभच सोलवटून निघते. मग दुकानदार ‘माइल्ड आहे’ म्हणत व्हॅनिलाचा वास मारणारा डबा पुढे करतो, आणि दुसऱ्या दिवशी साधा वरणभातही जिभेला लागतो. डबा बदलायचा तर बदला, पण त्याआधी त्रास कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. व्हर्जिनिया आणि बर्ली ही पाइपच्या तंबाखूची दोन मुख्य पानं. दोन्ही जिभेला दुखवतात, पण वेगवेगळ्या वाटेने.

व्हर्जिनियाचं पान बंद भट्टीत, नळ्यांतून फिरवलेल्या उष्णतेवर आठवडाभरात सुकवतात. धूर पानाला लागत नाही. आंध्र-कर्नाटकात एफसीव्ही (फ्लू-क्युअर्ड व्हर्जिनिया, म्हणजे असा भट्टीत सुकवलेला) म्हणून पिकतो तो हाच. (निपाणीचा विडीचा तंबाखू वेगळा, इथे त्याचा संबंध नाही.) पान पिवळं पडताना त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि लगेच वाळवल्यामुळे ती पानातच राहते. त्यामुळे धूर गोडसर आणि आम्लाकडे झुकलेला असतो. दाबून पट्ट्या कापलेला जुना व्हर्जिनिया सावकाश ओढला तर आधी वाळल्या गवताचा आणि मग मनुका-अंजिराचा भास होतो. घाई केलीत की हे सगळं गायब. चव पातळ होते, आणि ती मिळावी म्हणून माणूस आणखी जोरात ओढतो. इथेच जीभ पोळते. तोंडातल्या ज्या मज्जातंतूंना मिरचीतलं कॅप्सेसिन कळतं, त्यांनाच साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णताही कळते. म्हणून पाइप गरम ओढल्यावर रात्रीचं पिठलं उगाच जहाल वाटतं.

बर्लीची गोष्ट उलटी. १८६४ साली अमेरिकेतल्या ओहायोत या पानाची फिकट जात सापडली, तीच पुढे सगळीकडे गेली. हे पान हवेशीर छपराखाली आठवडेच्या आठवडे टांगून ठेवतात. तेवढ्या वेळात पान आपली साखर स्वतःच खाऊन टाकतं. मागे उरते ती कोको आणि भाजल्या शेंगदाण्याच्या टरफलाकडे जाणारी कोरडी चव. गोडाची आवड असलेल्यांना हा तंबाखू पहिल्या दिवशी अळणी वाटतो. मला विचाराल तर रोजच्या ओढण्याला हाच बरा, कारण घाई झाली तरी तो व्हर्जिनियाइतका तापून अंगावर येत नाही.

पण बर्ली निरुपद्रवी नाही. त्याचा धूर अल्कलीकडे झुकतो, आणि अशा धुरातलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून पटकन शोषलं जातं, धूर छातीत घेतला नाही तरी. शिवाय निकोटिन स्वतःच तोंडातल्या वेदनेच्या तंतूंना डिवचतं. त्यामुळे पाइप हाताला थंड लागत असतानाही जिभेच्या टोकाशी झोंबत राहतं, आणि रिकाम्या पोटी ओढलात तर उचक्या, घाम, मळमळ.

ओळखायची खूण सोपी आहे. पाइपची वाटी गालाला लावून बघा. चटका बसत असेल तर दोष तुमच्या वेगाचा आहे, डबा बदलून भागणार नाही. वाटी कोमट असून झोंबत असेल तर बर्ली कमी असलेलं मिश्रण घ्या.

तिसरा उमेदवार म्हणजे तो दुकानदाराचा व्हॅनिलावाला. वाफ आणि दाब देऊन गोड केलेल्या कॅव्हेंडिश पानावर वरून अर्क, आणि ओल टिकावी म्हणून बहुधा प्रोपिलिन ग्लायकॉल. ओला तंबाखू धुराबरोबर वाफ सोडतो, आणि वाफेचा चटका कोरड्या धुरापेक्षा वाईट. वासाचं कौतुक शेजारी बसलेले करतात, ओढणाऱ्याच्या पदरी गरम पाणी पडतं. कुठलाही तंबाखू ठासण्याआधी कागदावर पसरून थोडा वाळवा. चिमटीत दाबल्यावर गोळा न होता मोकळा झाला की पुरे.

लटाकिया जिभेला मऊ असतो. पूर्वी सीरियाचा, आता सायप्रसचा हा तंबाखू लाकडांच्या धुरावर धरलेला असतो, आणि त्याचा वास पडद्यांतून जाता जात नाही. घरच्यांना आधी विचारा. लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यात पिंपांत दाबून आंबवलेला पेरिक मिरीसारखा लागतो, तो व्हर्जिनियात चिमूटभरच घालतात. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका.

चव मिळत नाही म्हणून जोरात ओढण्यापेक्षा तोंडातला थोडा धूर नाकावाटे सोडा. मनुका काय, कोको काय, हे जिभेला कळतच नाही, ते काम नाकाचं.

पाइप बदलून फरक पडतो का? थोडा. आयर्लंडच्या पीटरसनने १८९८ साली पेटंट घेतलेल्या पी-लिप दांडीचं तोंडात धरायच्या टोकाचं भोक वरच्या बाजूला असतं, त्यामुळे धूर जिभेऐवजी टाळूवर जातो. जीभ सुटते, पण उष्णता टाळूला. वर्षानुवर्षं पाइप ओढणाऱ्यांची टाळू पांढरट पडून तिच्यावर लाल ठिपके दिसतात, ते याच उष्णतेपायी.

सौम्य मिश्रण म्हणजे सुरक्षित मिश्रण नव्हे. धूर गिळला नाही तरी ओठ, जीभ आणि घशाच्या कर्करोगाचा धोका पाइपबरोबर येतोच, आणि अजून सवय लागली नसेल तर न घेणं हाही पर्याय या तुलनेत आहेच. पोळलेली जीभ काही दिवसांत बरी होते. पांढरा चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवडे तशीच राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

घ्यायचंच ठरलं असेल तर बोलता बोलता, काम करता करता ओढणाऱ्याने बर्ली घ्यावा आणि पोटात काहीतरी असू द्यावं. एका जागी बसून, पाइप विझला तरी चालेल अशा बेताने ओढणाऱ्याला व्हर्जिनिया जास्त देऊन जातो. तो पहिल्या भेटीत आवडला नाही तर टाकू नका, हवाबंद बरणीत दोन-तीन वर्षं ठेवा, साखरेमुळे मुरतो आणि त्याची धार कमी होते. बर्लीत मुरायला साखरच नाही. तो आज आवडला नाही, तर दोन वर्षांनी आवडेल या आशेवर ठेवू नका.