बेसबॉल रीजनलचा सर्व सामन्यांचा पास: मैदान अव्वल, व्यवस्था सुमार, आणि रविवारचा तो आठवा डाव

पाचपैकी तीन तारे. तिन्ही मैदानाला आणि मैदानावर जीव ओतून खेळलेल्या मुलांना. उरलेले दोन कुठे गेले ते सविस्तर लिहिते, कारण पुढच्या वर्षी हा पास घ्यावा का असं मला आत्ताच दोघातिघांनी विचारलंय.

आमच्या विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. मुलं विशीतली आहेत, नुकतीच हरली आहेत. कुणाचं नाव शोधल्यावर माझा संताप समोर यावा अशी माझी इच्छा नाही. दक्षिणेतलं एक विद्यापीठ, यंदाच्या सोळा यजमानांपैकी एक, एवढं पुरे.

हा पास म्हणजे काय ते आधी सांगते. अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये नियमित हंगाम संपला की 64 संघ निवडले जातात. 16 ठिकाणी चार-चार संघ खेळतात, त्याला रीजनल म्हणतात. दोन सामने हरलात की घरी. जिंकणारा सुपर रीजनलला जातो, तिथून आठ संघ अंतिम फेरीसाठी ओमाहाला. शुक्रवार ते रविवार सहा सामने, आणि गरज पडली तर सोमवारी सातवा. पासमध्ये हे सगळे सामने येतात, आणि त्यासाठी मी 140 डॉलर अधिक सेवाशुल्क मोजलं. सामन्यामागे हिशेब केला तर भाव वाजवी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मैदानाचं कौतुक करावं तेवढं थोडं. माझी जागा डाव्या बाजूला तिसऱ्या बेसच्या पुढे, आमच्या बुलपेनला, म्हणजे बदली पिचर (चेंडू टाकणारे) जिथे हात मोकळे करतात त्या जागेला, लागून होती. बेसबॉल मनापासून बघणाऱ्याने हीच जागा घ्यावी. होम प्लेटमागच्या महागड्या खुर्च्यांवरून चेंडू वळताना दिसतो हे खरं, पण बुलपेनशेजारी बसलं की सामना दोन डाव आधी कळतो. कोण उठलं, कोण हात फिरवतोय, कुणाला फोन आला आणि कोण पुन्हा जॅकेट घालून बसला, सगळं हातभर अंतरावर. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा आवाज छातीत वाजतो. पण याच जागेमुळे रविवारी रात्री मला जे दिसलं ते न दिसतं तर बरं झालं असतं.

व्यवस्थेबद्दल मात्र बोलायलाच हवं. शनिवारी संध्याकाळी विजा चमकायला लागल्या. अशा वेळी खेळ थांबतो आणि शेवटची वीज चमकल्यापासून अर्धा तास जावा लागतो. मध्ये पुन्हा चमकली की अर्धा तास नव्याने सुरू. नियम योग्यच आहे, जिवाशी खेळ कुणी करू नये. पण हजारो माणसांना स्टँडखालच्या बोळात उभं करायचं आणि घड्याळ कुठवर आलंय हे सांगायचंच नाही, हे कशासाठी? भोंग्यावरून गाणी चालू होती, सूचना एकही नाही. जी कुटुंबं लहान मुलांना घेऊन गाडीत जाऊन बसली त्यांना परत आत घेतलं नाही, कारण पास एकदाच स्कॅन होतो म्हणे. ही गोष्ट विकत घेताना कुठेही ठळक लिहिलेली नव्हती.

रविवारी तर कहर झाला. दुपारचा सामना संपल्यावर अख्खं स्टेडियम रिकामं केलं आणि रात्रीच्या सामन्यासाठी पुन्हा रांगेत उभं केलं. चार प्रवेशद्वारांपैकी दोनच उघडी, त्यातल्या एकाचं स्कॅनर बंद. मी आत पोहोचले तेव्हा पहिला डाव संपला होता. मी प्रत्येक सामन्याचा स्कोअर पेन्सिलने वहीत लिहिते. शेजारचे आजोबा कानाला रेडिओ लावून बसतात, त्यांच्या वहीतून पहिला रकाना उतरवून घ्यावा लागला. ज्या सामन्यावर हंगाम उभा होता, त्याचा पहिला डाव पैसे भरलेल्या माणसाने भिंतीपलीकडून ऐकायचा?

आता मुख्य गोष्ट.

हरण्याचं दुःख आहे, पण हरलो म्हणून तारे कापलेले नाहीत. या स्पर्धेत काहीही होतं. 2025 साली देशात पहिलं मानांकन असलेलं व्हँडरबिल्ट स्वतःच्याच मैदानावर रीजनलमध्ये बाहेर पडलं, आणि त्याच वर्षी आपल्या रीजनलमध्ये चौथं मानांकन असलेलं मरे स्टेट ओमाहाला पोहोचलं. 2008 साली तर फ्रेस्नो स्टेटने चौथ्या मानांकनावरून थेट विजेतेपद मारलं. यजमान असणं म्हणजे जिंकण्याची हमी नव्हे, हे मला पुरतं ठाऊक आहे. रविवारी रात्री आमच्याच मैदानावर आम्ही पाहुण्या संघासारखी आधी फलंदाजी करत होतो, कारण ते नियमाने ठरतं. तेही मान्य.

मान्य नाही ते पिचर वापरण्याचं गणित. हंगामात शुक्रवार, शनिवार, रविवार अशी मालिका असते आणि मध्ये आठवड्यात एखादा सामना. त्यामुळे कॉलेजच्या संघाकडे भरवशाचे सुरुवातीचे पिचर तीन, फार तर चार. रीजनलमध्ये एकदा हरलात तर चार दिवसांत पाच सामने खेळावे लागतात. म्हणजे प्रत्येक चेंडू जपून खर्च करायचा. शुक्रवारी आमचा एक नंबरचा पिचर सातव्या डावात 9-2 ने पुढे असताना टाकतच होता. माझ्या वहीत त्याचे 108 चेंडू आहेत. सात धावांची आघाडी, समोर चौथ्या मानांकनाचा संघ, आणि बुलपेनमध्ये सहा ताजे हात बसलेले! पाचव्या डावानंतर त्याला बसवला असता तर सोमवारी एखाददुसऱ्या डावापुरता तरी तो हाताशी राहिला असता.

शनिवारी विजांनंतर 5-4 ने हरलो. चांगला सामना होता, कुणाला बोल लावण्यासारखं काही नव्हतं. रविवारी दुपारी हरलो तर बाद अशा सामन्यात 7-5 ने जिंकलो, आणि त्यात आमच्या क्लोजरने, म्हणजे आघाडी राखायला शेवटी येणाऱ्या पिचरने, शेवटचे दोन डाव टाकले, 38 चेंडू. काही तासांनी रात्रीचा सामना. सातव्या डावाअखेर आम्ही 6-3 ने पुढे. आठव्यात फोन वाजला आणि दोघे उठले: तोच क्लोजर, आणि एक डावखुरा, पहिल्या वर्षाचा मुलगा, ज्याने अख्ख्या रीजनलमध्ये एक चेंडू टाकला नव्हता.

मी त्या दोघांपासून दहा पावलांवर होते. क्लोजर दोन चेंडू टाकायचा आणि दंड झटकायचा, पुन्हा दोन टाकायचा आणि खांदा गोल फिरवायचा. त्याचा चेंडू कॅचरला छातीच्या वर घ्यावा लागत होता. डावखुऱ्याचा चेंडू गुडघ्यापाशी, ग्लोव्ह न हलवता. हे मला दिसत होतं, आजोबांना दिसत होतं. दार उघडलं आणि क्लोजर बाहेर धावला. डावखुरा जॅकेट घालून बाकावर बसला.

पुढचं माझ्या वहीत आहे. वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकटचा पहिला बेस). सिंगल (एका बेसचा फटका). वॉक. मग त्यांचा डावखुरा फलंदाज आला, म्हणजे डावखुऱ्या पिचरला आणण्याचा पाठ्यपुस्तकी क्षण. कोच डगआउटच्या कठड्याला टेकून उभे. डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, तिन्ही जण घरी, 6-6. तरीही कुणी बाहेर आलं नाही. पुढच्या फलंदाजाचा चेंडू उजव्या कुंपणापलीकडे गेला, 8-6. नवव्या डावात आमचे तिघे ओळीने बाद. शेवटचा स्ट्राइक आमच्या कॅचरने बघत सोडला. वहीत त्यासाठी उलटा के काढतात, तो काढताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

त्या क्लोजरवर माझा कणभरही राग नाही. मुलाकडे चेंडू दिला तर तो नाही म्हणणार नाही. म्हणूनच तर नाही म्हणायचं काम मोठ्यांचं असतं. शाळेच्या बेसबॉलमध्ये 2017 पासून चेंडूंच्या मर्यादेचे नियम सक्तीचे आहेत. कॉलेजात मर्यादाच नाही. 2009 साली टेक्सस आणि बॉस्टन कॉलेजमधला 25 डावांचा रीजनल सामना झाला, त्यात टेक्ससच्या ऑस्टिन वूडने क्लोजर म्हणून येऊन 13 डाव टाकले, 169 चेंडू. लोक आजही ते शौर्य म्हणून सांगतात. मला ते ऐकताना त्याच्या खांद्याचीच काळजी वाटते. आमच्या क्लोजरचं हे तिसरं वर्ष, जुलैच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, त्याचं नाव असू शकतं. त्याच्या दंडाची किंमत एका रात्रीच्या आघाडीपेक्षा जास्त आहे, हे त्याला चार वर्षांचं वचन देऊन बोलावणाऱ्यांना कळायला नको?

सामन्यानंतर पत्रकारांनी कोचना विचारलं तेव्हा उत्तर आलं की उद्या नसतो तेव्हा सर्वोत्तम माणूसच पाठवायचा. पण 38 चेंडू टाकून दमलेला सर्वोत्तम माणूस त्या क्षणी सर्वोत्तम नसतो. आणि उद्या होता. जिंकलो असतो तर सोमवार होता, त्याचे पैसे आम्ही आधीच भरले होते.

तर पास घ्यावा का? घ्या. चार संघांचा बेसबॉल एकाच मैदानावर, एकाच खुर्चीवरून बघण्यासारखं सुख कमी आहे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मानांकनांचे सामने अनेकदा यजमानांच्या सामन्यांपेक्षा सरस होतात. जागा बुलपेनच्या बाजूचीच मागा. रविवारी दोन सामन्यांच्या मध्ये जेवायला लांब जाऊ नका, दक्षिणेकडच्या दाराशी आधी उभे राहा, तिथलं स्कॅनर चालतं. पाण्याची पारदर्शक बाटली रिकामी असेल तर आत नेऊ देतात, आतलं पाणी पाच डॉलरला आहे.

न झालेल्या सोमवारच्या सामन्याचे पैसे परत मिळतात का, असं मी तिकीट खिडकीवर लेखी विचारलंय. त्याच पत्रात विजांच्या वेळी सूचना देण्याबद्दल आणि दुसरं स्कॅनर दुरुस्त करण्याबद्दलही लिहिलंय. उत्तर आलं की इथे खाली जोडेन.