जुना रोटरी स्लॅशर घेताना: आधी गिअरबॉक्स, मग खालचा तवा, रंग सगळ्यात शेवटी

ट्रॅक्टरमागे लावायच्या अवजारांत रोटरी स्लॅशर, म्हणजे गवत-झुडपं कापणारं यंत्र, हे सगळ्यात साध्या अवजारांपैकी एक. वर गिअरबॉक्स, खाली फिरणारा तवा, तव्याला लोंबणारी दोन किंवा तीन पाती आणि हे सगळं झाकणारा जाड पत्रा. म्हणूनच तो जुना घ्यायला आमची हरकत नाही, उलट शिफारसच आहे. यात जे बिघडतं ते डोळ्याला दिसतं, नाहीतर हाताला लागतं. नीट बघायला अर्धा तास पुरतो. पण तो अर्धा तास बहुतेक जण नव्या रंगाकडे बघण्यात घालवतात, आणि गिअरबॉक्स खोलायची वेळ पहिल्याच पावसाळ्यानंतर येते.

आधी काम ठरवा. आंबा-काजूच्या बागेतलं कमरेएवढं गवत, रानमोडी, घाणेरी, अंगठ्याएवढ्या जाडीची खोडं, यासाठी स्लॅशर उत्तम. उसाचं पाचट बारीक करायचं असेल किंवा द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या कुजवायच्या असतील, तर स्लॅशर घेऊ नका. तो कापतो, कुट्टी करत नाही, आणि कापलेलं एका पट्ट्यात टाकून जातो. त्या कामाला मल्चर लागतो.

माप ट्रॅक्टरवरून ठरतं. साधारण २२ ते २८ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला ४ फुटी, ३५ एचपीच्या पुढे ५ फुटी, ४५ च्या पुढे ६ फुटी. मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा स्लॅशरच्या रुंदीत बसायला हव्यात, नाहीतर चाकाखाली दबलेलं गवत उभंच राहतं. ५ फुटी स्लॅशर ताशी ४ किलोमीटरने चालवला तर वळणं धरून तासाला सव्वा एकराच्या आसपास काम होतं. वजनही विचारा. लिफ्टने उचलल्यावर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होत असेल, तर पुढे वजनं लावल्याशिवाय चढावर नेऊ नका.

आता गिअरबॉक्स, कारण सगळ्यात महाग भाग तोच. बहुतेक स्लॅशर पीटीओच्या (ट्रॅक्टरच्या मागे अवजाराला जोर देणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालतात, आणि गिअरबॉक्स त्या वाढवून पात्यांना देतो. १:१.४७ चं प्रमाण असेल तर पाती मिनिटाला सुमारे ७९४ फेरे घेतात. ५ फुटी यंत्रात त्या वेळी पात्याच्या टोकाचा वेग ताशी २२० किलोमीटरच्या पुढे जातो. इतक्या वेगात बेअरिंगमधला थोडासा ढिलेपणाही लवकर वाढत जातो.

ऑइलचं झाकण उघडून काडी आत बुडवा. ९० नंबरचं ऑइल काळपट असेल तर चिंता नाही. दुधासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी गेलंय. काडीवर चकचकीत चुरा आला तर गिअरचे दात झिजलेत. ऑइल अगदी नवंकोरं दिसलं तर ते कधी आणि का बदललं हे विचारा, आणि तळाचा प्लग खोलून थोडं बाहेर काढून बघा. मग पीटीओकडचा दांडा हाताने मागेपुढे फिरवा. दातांमध्ये थोडा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, असतोच. पण पाती हलण्याआधी दांडा बराच रिकामा फिरत असेल तर क्राउन-पिनियन, म्हणजे आतली गिअरची जोडी, झिजलंय किंवा बेअरिंग गेलंय. दांडा वर-खाली हलता कामा नये.

गिअरबॉक्स पत्र्याला ज्या बोल्टांनी बांधलेला असतो ते आणि त्याभोवतीचा पत्रा नखाने घासून बघा. बोल्टाची भोकं लांबट झाली असतील, किंवा वेल्डिंगवर वेल्डिंग चढवलेलं दिसलं, तर यंत्र बराच काळ थरथरत चाललंय. ती थरथर कुठून येत होती, हे कळल्याशिवाय भावाचं बोलणं सुरू करू नका.

खालून बघायचं तर स्लॅशर नुसत्या हायड्रॉलिक लिफ्टवर टांगून त्याच्याखाली कधीही जाऊ नका. लिव्हरला धक्का लागला किंवा पाइप फुटला तर तो सरळ खाली येतो. चारही कोपऱ्यांना लाकडी ठोकळे द्या, इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा, पीटीओ शाफ्ट काढून टाका.

खाली पहिली नजर गिअरबॉक्सच्या खालच्या ऑइल सीलवर. तिथे तार, सुतळी, ठिबकच्या नळीचे तुकडे गुंडाळलेले असतात. तेच सील कापतात, मग ऑइल गळतं, मग बेअरिंग कोरडं पडून जळतं. सील स्वस्त असतं; कोरड्या गिअरबॉक्सचं नुकसान मात्र महागात जातं. तव्याला दोन्ही हातांनी धरून वर-खाली झटका द्या. ठक् असा आवाज आला तर खालचं बेअरिंग ढिलं आहे, किंवा तव्याचा हब (मधला भाग) दांड्याच्या स्प्लाइनवर, म्हणजे खाचांवर, सैल बसलाय. दुसरी गोष्ट जास्त वाईट. हबखालचा मोठा नट पूर्ण घट्ट आणि त्यातली स्प्लिट पिन जागेवर हवी. पिनच्या जागी खिळा वाकवून घातलेला दिसला, तर बाकीची देखभालही तशीच झाली असणार असं धरून चाला.

पाती आपल्या बोल्टवर मोकळी फिरायला हवीत. दगड किंवा खुंट लागला की पातं मागे सरकतं आणि गिअरबॉक्स वाचतो. ही हालचाल गंजाने अडकली असेल तर प्रत्येक धक्का थेट गिअरच्या दातांवर बसतो. बोल्ट एका बाजूने खाल्ला गेलाय का, पात्याचं भोक अंडाकृती झालंय का, हे बघा. पाती नेहमी जोडीने, तीन असतील तर तिन्ही, बदलतात. एक नवं, एक जुनं अशी जोडी दिसली तर दोन्ही काढून काट्यावर तोला. वजनात फक्त १०० ग्रॅम फरक असला तरी ७९४ फेऱ्यांवर तव्याला एका बाजूला सुमारे ४० किलोचा ओढा बसतो. मघाची लांबट भोकं बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात. पात्याला वस्तऱ्यासारखी धार नको. दीडेक मिलिमीटर जाडीची बोथट कड बरोबर, कारण पातळ धार जांभ्याच्या पहिल्याच दगडाला चिरते.

पीटीओ शाफ्टमध्ये शिअर बोल्ट आहे की स्लिप क्लच (जास्त जोर आला की घसरणाऱ्या प्लेटा), हे विचारा. शिअर बोल्ट मुद्दाम मऊ असतो, तुटायलाच लावलेला. सतत तुटतो म्हणून वैतागून लोक तिथे हायटेन्साइल, म्हणजे सहज न तुटणारा, बोल्ट ठोकतात. डोक्यावर १०.९ कोरलेलं दिसलं तर मधल्या काळात सगळे धक्के गिअरबॉक्सने खाल्लेत, असं समजून तो दुप्पट बारकाईने तपासा. स्लिप क्लच असेल तर तो गंजून एकसंध झालेला असू शकतो. स्प्रिंगचे नट ढिले करा, प्लेटांवर आडवी खडूची रेघ मारा, पीटीओ दोन-तीन सेकंद जोडून बंद करा. रेघ तुटली तर क्लच मोकळा आहे. नट पुन्हा होते तेवढेच आवळा. शाफ्टचे दोन नळ एकमेकांत किमान एक तृतीयांश बसलेले हवेत, आणि लिफ्ट पूर्ण उचलल्यावर ते आतल्या टोकाला टेकता कामा नयेत.

सगळ्यात दुर्लक्षित धोका सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरचा, म्हणजे चाकं आणि पीटीओ दोन्हींना एकच क्लच असलेल्याचा. क्लच दाबला की इंजिनचा जोर तुटतो, पण जड तवा फिरतच राहतो आणि पीटीओतून उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतो. बांधाच्या किंवा विहिरीच्या काठावर ब्रेक कमी पडतो. असा ट्रॅक्टर असेल तर पीटीओवर ओव्हररनिंग कप्लर लावा. तो एकाच दिशेने जोर जाऊ देतो. कप्लरने शाफ्टला जी लांबी वाढते, ती शाफ्टमधून कापावी लागते. ट्रॅक्टरला रिव्हर्स पीटीओ किंवा १००० फेऱ्यांचा गिअर असेल तर स्लॅशर त्यावर कधीच चालवू नका. पात्यांना धार एकाच बाजूला असते, आणि गिअरबॉक्स ५४० साठी केलेला असतो.

पत्र्यावर हातोडी हलकेच वाजवत जा. खणखणीत आवाज ठीक, भद्द आवाज म्हणजे आतून गंज. ओलं गवत आत चिकटून राहिलेलं यंत्र तिथूनच सडतं. पुढच्या-मागच्या साखळ्या नसतील तर त्या बसवून घ्या. त्यांच्याशिवाय उडालेला दगड शंभर मीटरपर्यंत जाऊ शकतो. घासलेले स्किड (जमिनीवर घसरणाऱ्या बाजूच्या पट्ट्या), वाकलेलं मागचं चाक ही गावातल्या वेल्डरची कामं. त्यासाठी चांगलं यंत्र सोडू नका.

शेवटी चालवून बघा. आसपास कोणी नको. इंजिनच्या कमी फेऱ्यांवर पीटीओ जोडा, हळूहळू ५४० वर न्या, पंधरा मिनिटं चालू द्या. थरथर असलीच तर सुरुवातीला थोडी चालेल, पूर्ण वेगावर नाही. सगळं थांबवून गिअरबॉक्सवर हात ठेवा. कोमट-गरम चालेल, चटका बसला तर नाही.

भाव ठरवताना गिअरबॉक्सचे सुटे भाग मिळतात का, हे आधी बघा. शक्तिमान किंवा फील्डकिंगसारख्या नावाची पाटी असेल तर सील, बेअरिंग, पाती यांची चौकशी विक्रेत्याकडे सोपी पडते. गावच्या फॅब्रिकेटरने बनवलेला स्लॅशर वाईट असतोच असं नाही; फक्त त्याचा गिअरबॉक्स कोणाचा, हे कळायला हवं. अनुदानातून घेतलेलं यंत्र असेल तर मूळ बिल आणि अनुक्रमांकाची पाटी जुळवून, विक्रीला काही अट आहे का ते विचारूनच पैसे द्या. पोचे पडलेला, रंग उडालेला, पण घट्ट गिअरबॉक्सचा स्लॅशर आम्ही डोळे झाकून सुचवू. ताज्या रंगाचा आणि खालून गळणारा असेल, तर नव्या गिअरबॉक्सची किंमत वजा करूनच बोली लावा, आणि विकणारा तयार नसेल तर दुसरं यंत्र शोधा.