लिव्हर कॅप्सूल काही महिने घेतल्यावर: लोहासाठी आणल्या, हिशेब निघाला भलताच

फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, कमी आलं होतं आणि लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडायचं. म्हणून डेसिकेटेड लिव्हर, म्हणजे वाळवलेल्या यकृताची पूड भरलेल्या कॅप्सूल सुरू केल्या. लेबलवर लिहिलेली मात्रा दिवसाला सहा कॅप्सूल, मिळून ३ ग्रॅम. सोबत रोजची थायरॉइडची गोळी आणि अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल चालूच होती. त्यामुळे कशाचं कशाशी जमतं हे बघणं भाग होतं. तेच इथे लिहिते आहे. चव आणि वास यावर बोलण्यासारखं फार नाही: गिळताना काही कळत नाही, ढेकर मात्र येतात.

आधी बाटलीत आहे काय ते पाहू. ताज्या यकृतात साधारण ७० टक्के पाणी असतं. म्हणजे ३ ग्रॅम पूड ही फार तर १० ग्रॅम ताज्या यकृताइतकी. गाईबैलांच्या यकृतात १०० ग्रॅममागे लोह ५ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे सहा कॅप्सूलमधून मिळालं किती, तर अर्धा मिलिग्रॅम! फेरस सल्फेटच्या ३२५ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ६५ मिलिग्रॅम लोह असतं. ‘हीम लोह’ (रक्त-मांसातलं, सहज शोषलं जाणारं लोह) म्हणून जी जाहिरात होते तीही अर्धवटच. यकृत हे लोहाचं कोठार, त्यामुळे त्यातला मोठा भाग फेरिटिनच्या रूपात असतो. हीमचं प्रमाण स्नायूंच्या लाल मांसात जास्त. माझं फेरिटिन या काळात जवळपास जागेवरच राहिलं, आणि हा हिशेब मांडल्यावर त्याचं नवल वाटलं नाही.

पण याच १० ग्रॅममध्ये रेटिनॉल, म्हणजे तयार स्वरूपातलं जीवनसत्त्व अ, ५०० मायक्रोग्रॅमच्या घरात येतं. तांबं सुमारे १ मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची दिवसाची गरज तेवढ्यातच भागते. बी१२ सुमारे ६ मायक्रोग्रॅम. रोजची गरज २.४. थोडक्यात, लोहासाठी घ्यायची वस्तू लोहातच सगळ्यात कंजूष आहे आणि बाकीच्या गोष्टी मुक्तहस्ताने देते. माझ्या बाटलीच्या लेबलवर यातला एकही आकडा नव्हता. फक्त ‘लिव्हर, ३००० मिलिग्रॅम’. पूड चरबी काढलेली असेल तर रेटिनॉल कमी होतं, तेही कुठे लिहिलेलं नाही.

सगळ्यात जपून राहायचं ते रेटिनॉलपाशी. मोठ्यांसाठी वरची मर्यादा दिवसाला ३००० मायक्रोग्रॅम. कॅप्सूल एकट्या तिथे पोचणार नाहीत. पण त्यावर मल्टिव्हिटॅमिन, वर कॉड लिव्हर ऑइल आणि जेवणातही यकृत असेल तर बेरीज भराभर वाढते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर हा विषय तिथेच संपतो. ते औषध जीवनसत्त्व अ च्याच कुळातलं, त्यामुळे दोन्हींचे दुष्परिणाम एकात एक मिसळतात. डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकांबरोबर जास्त जीवनसत्त्व अ घेतलं तर मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढण्याचा धोका असतो. डोकेदुखी आणि धूसर दिसणं ही त्याची खूण. गरोदरपणात, किंवा तो विचार चालू असताना, या कॅप्सूल नकोतच. जास्त रेटिनॉलने गर्भात व्यंग होऊ शकतं. गाजरातलं बीटा-कॅरोटीन यात धरायचं नाही, शरीर ते गरजेपुरतंच बदलून घेतं.

थायरॉइडच्या गोळीचं पथ्य सोपं आहे. लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी, आणि लोह किंवा कॅल्शियम असलेलं काहीही चार तासांनी. कॅप्सूलमध्ये लोह नावापुरतं असलं तरी मी हे अंतर मोडलं नाही. दुपारच्या जेवणाबरोबर घेत होते. टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, हलला नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकांपासूनही अंतर हवं. चहा मात्र मागेपुढे करावा, कारण हीम नसलेल्या लोहाला त्यातली टॅनिन अडवतात.

अ‍ॅसिडिटीच्या गोळीचा मुद्दा मला सगळ्यात उपयोगी वाटला. यकृतातलं बी१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. ते सुटायला जठरातलं आम्ल लागतं, आणि पँटोप्राझोल नेमकं तेच कमी करतं. गोळीतलं साधं बी१२ मोकळं असतं, त्याला आम्लाची गरज नाही. त्यामुळे माझ्यासारखीला, किंवा बी१२चं शोषण कमी करणारं मधुमेहाचं औषध मेटफॉर्मिन घेणाऱ्याला, साधी बी१२ची गोळीच जास्त पटावी. यकृताचं नाव मोठं झालं ते बी१२ शोषता न आल्याने होणाऱ्या पर्निशस अ‍ॅनिमियामुळे. मायनट आणि मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी १९२६ मध्ये त्या रुग्णांना यकृत खायला घालून बरं केलं, आणि संशोधक व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ चं नोबेल मिळालं. पण ते रुग्ण रोज शंभर-दोनशे ग्रॅम यकृत खात होते, कॅप्सूल नव्हे. बी१२ वेगळं काढता आलं ते १९४८ मध्ये.

गाऊट हा सांधेदुखीचा आजार असेल तर यकृतातली प्युरिनं यूरिक अ‍ॅसिड वाढवतात. विल्सन आजारात शरीरात तांबं साठतं आणि हीमोक्रोमॅटोसिसमध्ये लोह, म्हणून दोघांनाही ही बाटली बंद. एमएओ गटातली नैराश्याची औषधं घेणाऱ्यांच्या पथ्यात शिळं यकृत वर्ज्य असतंच, त्यात साठणाऱ्या आणि रक्तदाब चढवणाऱ्या टायरामीनमुळे. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन चालू असेल तर असं काही नवं सुरू करताना आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) बघून घ्यावा.

वनस्पतींचं म्हणाल तर ‘लिव्हर’ नावावर जाऊ नका. या पुडीने आपलं यकृत सुधारत नाही. बऱ्याच बाटल्यांत सोबत मिल्क थिसल ही यकृतासाठी म्हणून विकली जाणारी वनस्पती, हळदीचा अर्क किंवा ग्रीन टीचा अर्क घातलेला असतो. मिल्क थिसल आणि हळद लोहाला बांधून ठेवू शकतात, म्हणजे लोहासाठी घेणाऱ्याच्या मुळावरच. हळद आणि ग्रीन टीच्या तीव्र अर्कांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी चढलं तर मिश्र बाटलीत दोषी कोण हे शोधणं डॉक्टरांनाही जड जातं. एकच घटक असलेली बाटली घ्या.

तपासण्यांपूर्वी लॅबला सांगायचं राहू नये. शौचातलं लपलेलं रक्त शोधणारी जुनी ग्वायॅक चाचणी हीमवर चालते, त्यामुळे लाल मांस किंवा यकृत पोटात असेल तर ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून तीन दिवस आधीपासून टाळायला सांगतात. नवी फिट चाचणी माणसाचंच ग्लोबिन ओळखते, तिला फरक पडत नाही. रक्तातलं रेटिनॉल तपासून फारसं कळत नाही, कारण साठा यकृतात असतो आणि आकडा उशिरा हलतो. बी१२ चांगलं आलं तर ते कॅप्सूलचं असू शकतं, मूळ कमतरतेचं कारण तसंच राहतं. शंका असेल तर बी१२ कमी पडलं की वाढणारं मिथाइलमॅलॉनिक अ‍ॅसिड बघतात. आणि केसांसाठी म्हणून बायोटिन मिसळलेला प्रकार असेल तर टीएसएच आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन यांचे आकडे चुकू शकतात. यकृतातलं बायोटिन मायक्रोग्रॅममध्ये, निरुपद्रवी. वरून घातलेलं ५ ते १० मिलिग्रॅम असतं, घोळ त्याचा.

पाचापैकी दोन तारे. ते दोन बी१२साठी. पुढची बाटली मागवली नाही. लोहाची गोळी दिवसाआड सुरू केली आहे, डॉक्टरांना विचारून, आणि ती पोटाला झेपते आहे.